ऐंशी टक्के आर्द्रता आणि अंड्यातच बुडालेली पिल्ले

कुडाळजवळ राहणाऱ्या माझ्या मावसभावाने जुलैत थर्माकोलच्या खोक्याच्या इन्क्युबेटरमध्ये तीस गावरान अंडी लावली. पिल्ले आली सहा. उरलेली अंडी फोडली तेव्हा बहुतेकांत पूर्ण वाढलेली, पण ओलीगच्च पिल्ले मेलेली निघाली. त्याने सारे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका संदेशाबरहुकूम केले होते: पहिल्या दिवसापासून आर्द्रता ८० टक्के ठेवा, रोज दोनदा अंड्यांवर पाणी फवारा, वाफ जाऊ नये म्हणून भोके बुजवा आणि एकविसाव्या दिवशी पिल्लू न आल्यास कवच फोडा.

‘अंड्यातले पाणी टिकले तरच पिल्लू जगते’ हे ८० टक्क्यांमागचे कारण म्हणून दिले आहे आणि सगळा अनर्थ तिथेच आहे, कारण अंड्यातले पाणी काही प्रमाणात उडून जावेच लागते. रान, आर आणि पागानेली या संशोधकांनी १९७९ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये मांडलेला हिशेब असा की, ६० ग्रॅमचे कोंबडीचे अंडे उबवणीच्या काळात सुमारे ६ लिटर प्राणवायू आत घेते आणि ११ लिटर पाण्याची वाफ बाहेर टाकते, ही वाफ वजनात साधारण ९ ग्रॅम भरते. तेवढ्या जागेत रुंद टोकाकडे हवेचा कप्पा तयार होतो आणि पिल्लू पहिला श्वास त्यातच घेते. आर्द्रता ८० टक्के ठेवली की कप्पा लहान राहतो आणि चोच त्यात पोहोचली तरी पिल्लू उरलेल्या पाण्यात गुदमरते.

शिवाय कोकणातल्या पावसाळ्याचा विचार या संदेशकर्त्याने केलेला दिसत नाही. बाहेरची २८ अंशांची, ८५ टक्के दमट हवा इन्क्युबेटरमध्ये ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता आपोआप ५० टक्क्यांच्या आसपास येते. पहिल्या अठरा दिवसांना ५० ते ५५ टक्के हवेत. म्हणजे कुडाळला जुलैत पाण्याची वाटी जवळपास लागतच नाही. नागपूरच्या मे महिन्यात मात्र ती न ठेवल्यास अंडी सुकतील. एकच आकडा सगळ्या महाराष्ट्राला वाटणाऱ्याला हा फरक कोण सांगणार?

भोके बुजवण्याविषयी वेगळे लिहायला नको. तो ६ लिटर प्राणवायू मग येणार कुठून? फवारणीबाबत एवढे मान्य करतो की बदकाची अंडी उबवणारे अनेकजण ती करतात आणि शेवटच्या तीन दिवसांत कोंबडीच्या अंड्यांनाही ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. मात्र त्यासाठी पसरट भांड्यात पाणी ठेवावे, कारण पाण्याच्या खोलीपेक्षा त्याचा उघडा पृष्ठभाग महत्त्वाचा असतो. कवच फोडण्याची घाई तर जीवघेणीच आहे: चोच मारल्यानंतर पिल्लू बारा ते चोवीस तास थांबते, तेव्हा पडद्यातले रक्त आणि उरलेला बलक त्याच्या अंगात जात असतो.

मावसभावाने आता पाण्याची वाटी काढली आहे आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला आहे. ५० ग्रॅमचे अंडे अठराव्या दिवशी ४४ ग्रॅमच्या जवळपास भरले पाहिजे. वाटी परत ठेवायची तारीख त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली आहे.