३७०झेडच्या क्लचबद्दल तुम्ही दिलेल्या एका ताऱ्याला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. ‘क्लच बदलल्यापासून गाडी न्यूट्रलला खडखडते, सिग्नलला धक्के मारते, पेडल जड झालंय, काम उशिरा झालं, जास्तीच्या पार्टाचे पैसे न सांगता लावले, फोन उचलत नाहीत, यांना स्पोर्ट्स कारमधलं काही कळत नाही,’ असं तुम्ही लिहिलंय. त्रास झाला त्याबद्दल मनापासून क्षमस्व. उशिराबद्दलही. पार्ट कस्टम्समध्ये अडकला होता आणि तसं तुम्हाला तेव्हाच कळवलं होतं.

पण ते शेवटचं वाक्य जिव्हारी लागलं. हल्ली गिऱ्हाईक आधी तारे बघतं, मग फोन करतं. आमच्या भोसरीच्या शेडमध्ये पोरांचे पगार त्याच फोनवर निघतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची निस्सान ३७०झेड. ३.७ लिटरचं व्ही-सिक्स, साधारण ३३० पीएस, टॉर्क म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर साधारण ३६५ न्यूटन-मीटर. इंजिनाला हात लावलेला नाही, फक्त एक्झॉस्ट बदललाय. म्हणजे टॉर्क जवळपास होता तेवढाच. क्लच निवडताना बघायचा तो टॉर्क, आणि गाडी रोज कुठे चालते ते. तुमची चालते बाणेर ते हिंजवडी, ऑफिसच्या वेळेला. म्हणून पहिल्याच दिवशी म्हटलं होतं की ऑरगॅनिक म्हणजे साध्या अस्तराची क्लच प्लेट घ्या, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट जरा जास्त दाबाची घ्या, आणि फ्लायव्हील, म्हणजे क्लच ज्यावर पकडतो ते इंजिनाचं जड चाक, कंपनीचं असतं तसं ड्युअल-मासच ठेवा. तुम्ही म्हणालात, पुढे टर्बो बसवायचाय, तेव्हा परत गिअरबॉक्स उतरवायला नको. सहा पकची, म्हणजे सलग अस्तराऐवजी सहा सुटे तुकडे असलेली सिरॅमिक प्लेट आणि हलकं सिंगल-मास फ्लायव्हीलच हवं. लिंकही तुम्हीच पाठवलीत. टर्बो खरंच लगेच बसणार असता तर तुमचं म्हणणं बरोबरच होतं. दोन प्लेटांचा ट्विन-डिस्क क्लचही सुचवला होता, तो जास्त टॉर्क झेलून पेडल हलकं ठेवतो. त्याची किंमत ऐकून तुम्ही हसलात.

आता खडखड. ड्युअल-मास फ्लायव्हीलचे दोन भाग असतात आणि मध्ये स्प्रिंगा. इंजिनाचे बारीक झटके त्या स्प्रिंगा खातात. सिंगल-मासमध्ये ते झटके थेट गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर जातात आणि मोकळे फिरणारे गिअर एकमेकांवर आपटतात. तोच तुमचा आवाज. एक करून बघा, आयडलला क्लच पूर्ण दाबा. आवाज थांबला तर तो गिअरचा, त्याने काही मोडत नाही. दाबल्यावर आवाज आला तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग, ते आमच्या पदरात घाला, आम्ही बदलून देऊ. डिलिव्हरीला तुमच्यासमोर दाबून दाखवलं होतं, आवाज थांबला होता आणि तुम्ही म्हणाला होतात, ‘रेस कारसारखा येतोय.’ तेव्हा तुम्हाला तो आवडला होता.

धक्क्यांचंही तसंच. ऑरगॅनिक प्लेटच्या दोन अस्तरांमध्ये लहरी पत्रा असतो, त्यामुळे क्लच हळूहळू पकडतो. पकच्या प्लेटला ती गादी बहुधा नसते, आणि सिरॅमिक पकडतं ते झटक्यात. कोइंबतूरच्या करी ट्रॅकवर हाच क्लच बेस्ट, चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये नकोसा. पेडल जड झालंय ते प्रेशर प्लेटच्या वाढलेल्या दाबामुळे. हे सगळं जॉब कार्डावर लिहिलंय आणि खाली सही तुमची आहे.

आणि एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितोच. नवा क्लच रुळायला साधारण ८०० किलोमीटर शहरात शांतपणे चालवा, लाँच, म्हणजे उभ्या गाडीतून जोरात सुटणं नको, असं तुम्हाला लेखी दिलं होतं. त्याच आठवड्यात ताम्हिणीकडच्या रस्त्यावरचा लाँचचा व्हिडिओ तुमच्याच स्टेटसला होता. आमच्या पोरानेच दाखवला मला. प्लेट नीट रुळायच्या आत अशी तापली की फ्लायव्हीलवर डाग पडतात आणि धक्के वाढतात. त्याला आम्ही काय करणार?

स्लेव्ह सिलिंडरचे, म्हणजे पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणाऱ्या पार्टाचे पैसे ‘न सांगता’ लावले म्हणता, तेही तसं नाही. या गाडीत तो गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या कव्हरच्या आत असतो आणि फुटण्यासाठी प्रसिद्ध आहे. नंतर फुटला असता तर पुन्हा पूर्ण गिअरबॉक्स खाली आणि पुन्हा तेवढंच लेबर. फोनवर ‘टाका’ म्हणालात म्हणूनच टाकला.

यापुढे असा क्लच मागणाऱ्यांना आधी एखाद्या तशा गाडीत बसवून चालवायला देता येतं का ते बघतो आहोत. फोन उचलण्याचंही काहीतरी करतो.

तुम्हाला बदलायचंच असेल तर फक्त प्लेट बदलून खडखड जाणार नाही, फ्लायव्हीलही ड्युअल-मास लागेल. पार्ट तुमचे, लेबरमध्ये जमेल तेवढं बघू. काढलेला सिरॅमिक सेट जपून ठेवा, टर्बो बसवाल तेव्हा लागेल. सोमवारी बंद असतो, बाकी कधीही आणा, पण आदल्या दिवशी फोन करा म्हणजे लिफ्ट मोकळी ठेवता येईल. आणि जमलं तर रिव्ह्यूत ‘क्लच मी निवडला होता’ एवढं एक वाक्य घाला. तारा एकच राहू दे.