बाल्कनीत बसून पूल बंद करणाऱ्याचं उत्तर

जहाजाला वाट द्यायला आडवे फिरणारे जे पूल असतात, त्यांच्या दुरुस्तीवर मी मागे एक लेख लिहिला. तयारी आधी करून ठेवा आणि मग पूल एकदाच पूर्ण बंद करा, असं त्यात म्हटलं होतं. त्या लेखाखाली 'रोखठोक पेठकर' यांची प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुण्यात एकही फिरता पूल नसताना हा विषय कशाला, न्यूयॉर्कची हार्लेम ही मुळात नदीच नाही, पूल बंद असताना पलीकडच्या दुकानदाराचं नुकसान कोण भरून देणार, आणि मग हे वाक्य, जे जसंच्या तसं उतरवतो: "काका, पूल सरळ बंद ठेवा आणि एकदाच काय ते दुरुस्त करा, हे पेन्शन घेऊन बाल्कनीत बसणाऱ्याला सुचतं, ज्याला रोज पलीकडे जाऊन पोट भरायचं असतं त्याला विचारा." यापुढे, मुलीकडे अमेरिकेत राहून आल्यावर लोकांना काय काय दिसायला लागतं, यावर दोन ओळी आहेत. त्या सोडून देतो. (सोडून देतो म्हणजे वाचल्या नाहीत असं नव्हे.)

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. हार्लेम ही भूगोलाच्या हिशेबाने नदी नाही, भरती-ओहोटीची सामुद्रधुनी आहे. नकाशावर रिव्हर छापलेलं असतं म्हणून मी नदी लिहिलं. लेखात बदल केला आहे. त्यावरचा पूल त्यामुळे काही वेगळा फिरायला लागत नाही, पण असो.

आता बाल्कनी. पेठकरसाहेब, मला पेन्शन नाही. खाजगी नोकरी केलेल्या माणसाला ईपीएसचे जे काही मिळतात त्याला पेन्शन म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, तेवढ्यात महिन्याचं दूधही येत नाही. बाल्कनी आहे, तिथे कपडे वाळत असतात. आणि "रोज पलीकडे जाऊन पोट भरायचं असतं त्याला विचारा" हे तुम्ही कुणाला सांगताय? माझ्या वडिलांचं नारायण पेठेत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि ते दुकान नदीने नेलं. मी तेव्हा शाळेतही जात नव्हतो, पण पुलांवरून पाणी गेलं आणि गाव दोन तुकड्यांत कापलं गेलं, हे घरात इतक्यांदा ऐकलं आहे की पलीकडे जाता न येणं म्हणजे काय ते मला एखाद्या टोपणनावाने समजावून सांगायची गरज नाही. पुढे सगळी नोकरी मी कोथरूडहून भोसरीला जाऊन केली. त्या काळात लकडी पुलावर दुचाकी बंद आहे हे विसरून पावती फाडून घेतलेल्यांपैकी मी एक आहे. तेव्हा पुलाने अडवणं काय असतं ते मला पुस्तकातून कळलेलं नाही.

आणि नोकरी कशाची, तर यंत्रं दुरुस्त करण्याची. साखर कारखान्यांच्या मिलचं काम आमच्याकडे यायचं. गळीत हंगाम चालू असताना मिलला हात लावता येत नाही, आवाज आला तरी तेल घालून ढकलायचं. हंगाम संपला की मात्र सगळं उघडायचं, रोलर बाहेर, ब्रास (म्हणजे रोलरचं बेअरिंग) बाहेर. ब्रासमधलं जुनं ग्रीस अंगठा आणि बोटामध्ये चोळून बघितलं की त्यात पिवळी चमक दिसते. ती बेअरिंगची झीज. ती दिसली की मुकादमाचं तोंड उतरायचं, कारण आता हे बदलल्याशिवाय पुढचा हंगाम नाही हे त्याला कळायचं. दोन पाळ्यांच्या मधल्या तासाभरात रोलर बदला असं कुठल्या चेअरमनने आम्हाला सांगितलेलं आठवत नाही.

फिरत्या पुलाचं दुखणं हेच आहे, म्हणून तर मी तो लेख लिहिला. पाण्याच्या मधोमध एक जाडजूड खांब. बऱ्याच पुलांत त्या खांबावर मध्यभागी एक बेअरिंग असतं, पोलादाच्या चकत्यांमध्ये ब्राँझची चकती, आणि पुलाचा अख्खा फिरता भाग त्यावर तोललेला. जहाज आलं की पूल आडवा फिरून प्रवाहाच्या दिशेला जातो. परत आला की दोन्ही टोकांखाली पाचरी सरकतात आणि टोकं उचलून धरतात, मगच त्यावरून गाडी सोडायची. आता ती चकती झिजली, तर बदलायला सगळा सांगाडा जॅकवर उचलावा लागतो. जॅकवर पेललेल्या पुलावरून तुमची रिक्षा जाऊ शकत नाही, आणि तो फिरवूही शकत नाही, त्यामुळे मिटलेला असेल तर जहाजही जाऊ शकत नाही. म्हणजे कामाआधी ठरवायचं असतं ते हे की पूल कुठल्या स्थितीत ठेवायचा. मिटलेला ठेवला तर रस्त्याबरोबर पाणीही बंद, उघडा ठेवला तर नुसता रस्ता बंद. दोघांनाही खूश ठेवायचं म्हटलं की रोज रात्री अकराला बॅरिकेड लावा, जॅक चढवा, थोडं खुडबुड करा, पहाटे जॅक उतरवा, बॅरिकेड काढा. रात्र चढवण्या-उतरवण्यातच संपते. काम तसूभर पुढे जातं आणि त्रास महिनोन्‌महिने चालतो. "एकदाच बंद ठेवा" हे मी कुठल्या बाल्कनीतून म्हणतोय ते आता लक्षात येईल अशी आशा आहे.

मधेच एक सांगतो, कारण हे लेखात राहिलं होतं. पुण्यात रस्ता खराब झाला की जुन्या डांबरावर नवा थर, त्यावर आणखी एक, असं करत फूटपाथ रस्त्याच्या पातळीला येतात. फिरत्या पुलावर हा उद्योग केला तर प्रत्येक थराचं वजन त्या मधल्या चकतीवर येतं आणि तोल बिघडतो तो वेगळाच. डांबर किती जाडीचं टाकायचं हा तिथे यांत्रिक प्रश्न असतो.

तुमच्या "रोज जाणाऱ्याला विचारा" यासाठी उदाहरणही देतो. न्यू जर्सीतला हॅकेनसॅक नदीवरचा रेल्वेचा पोर्टल पूल १९१० सालचा. ही मात्र नदीच आहे, तपासून घेतलं. पाण्यापासून जेमतेम २३ फूट उंच, म्हणून बार्ज (सपाट मालवाहू बोट) आली की फिरवावा लागायचा, आणि मिटताना रूळ नीट बसले नाहीत की माणसं घणाने ठोकून बसवायची. रोज सुमारे दोन लाख माणसं त्यावरून जायची, त्यात माझी मुलगी. ठोकाठोकीवर वर्षानुवर्षं भागवलं, आणि शेवटी शेजारी उंच, न फिरणारा पूल बांधायला २०२२ साल उजाडलं. रोज जाणाऱ्याची काळजी म्हणून जुनाच पूल चालू ठेवला, आणि अडकत कोण राहिलं? रोज जाणाराच.

याच्या उलट व्हर्जिनियात यॉर्क नदीवरचा कोलमन पूल. १९५२ चा, दोन फिरते भाग, वरच्या अंगाला नौदलाची जागा असल्यामुळे फिरता ठेवणं भाग. दोनच लेनचा होता, चार लेनचा करायचा ठरला. नवे भाग नॉरफोकला आधी जोडून घेतले, वरचा रस्ता आणि दिव्याचे खांब यांच्यासकट, आणि बार्जवरून आणून जुन्यांच्या जागी बसवले. १९९६ मध्ये त्यासाठी पूल नऊ दिवस पूर्ण बंद होता. नऊ. लोकांनी लांबचा वळसा घेतला, कुरकुरले असतील, पण दहाव्या दिवशी कुरकुरायला कारण उरलं नाही. तयारी आधी आणि बंद नंतर, एवढाच माझा मुद्दा आहे. तो लेखातही होता, तिसऱ्या परिच्छेदात. तुम्ही दुसऱ्या परिच्छेदावर थांबून प्रतिक्रिया लिहायला बसलात की काय, अशी शंका येते.

अमेरिका नको असेल तर आपल्या गावचं घ्या. चांदणी चौकातला जुना पूल १ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री बंद केला, मध्यरात्रीनंतर सुमारे ६०० किलो स्फोटकांनी उडवला, आणि तो एका झटक्यात पुरता पडला नाही म्हणून आपण पुणेकरांनी काय विनोद केले ते आठवा. पण उरलेला यंत्रांनी पाडून सकाळी महामार्ग पुन्हा सुरू झाला. तारीख, वेळ आधी माहीत होती. लोकांनी बेत बदलले, काही तर बघायला गेले. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये पाडला, रस्ते ओस होते तेव्हा. तेही शहाणपणाचंच. आणि आता भिडे पूल आठवा. २०२५ मध्ये मेट्रोच्या पादचारी पुलाच्या कामासाठी बंद झाला, मुदत पुढे पुढे गेली, गणपतीत उघडला, परत बंद. डेक्कनला जाणारा माणूस रोज सकाळी "आज उघडाय का?" विचारत निघायचा. बंद असण्याचा त्रास एकवेळ सोसतो माणूस. माहीत नसण्याचा त्रास जास्त.

आणि अर्धवट बंद पूल म्हणजे काय, ते कुंडमळ्यात दिसलं. इंद्रायणीवरचा लोखंडी पूल, धोकादायक असल्याची पाटी लावलेली, आणि १५ जून २०२५ च्या रविवारी त्यावर गर्दी. चार माणसं गेली. पाटी म्हणजे बंद नव्हे. तिथे कुणाची चूक यात मी शिरत नाही, पण "लोकांची सोय" हे शब्द वापरताना तुम्ही जरा जपून वापरावेत असं मला वाटतं. मी आवाज चढवतोय असं वाटत असेल तर हो, इथे चढवतोय.

दुकानदाराच्या नुकसानभरपाईचा प्रश्न वेगळा आहे. माझा लेख यंत्राबद्दल होता, अर्थशास्त्राबद्दल नव्हे. त्यावर जाणकारांनी लिहावं. रुग्णवाहिकेचा मुद्दा तुम्ही कंसात घातला आहे, तेव्हा मीही तो कंसात ठेवतो. उष्णतेने पूल अडकतो या माझ्या वाक्यावर तुम्ही हसण्याची चिन्हं टाकली आहेत. ८ जुलै २०२४ ला न्यूयॉर्कचा थर्ड अव्हेन्यू पूल उघडा असतानाच पोलाद फुगून अडकला आणि बोटींनी पाणी मारून त्याला थंड करावं लागलं. त्याचा फिरता भाग २००४ साली बसवलेला, म्हणजे जुना झाला म्हणून सोडून द्यायचीही सोय नाही. हसा.

राहता राहिलं "पुण्याला उपयोग काय". या ब्लॉगवर मी बाष्प इंजिनावर, बंबावर आणि घड्याळांच्या लंबकावर लिहिलं आहे, तेव्हा कुणी उपयोग विचारला नव्हता. प्रतिक्रिया काढणार नाही, राहू दे. पुढची लिहिताना उद्गारचिन्हं एका वाक्याला एक पुरवा आणि जमलं तर खरं नाव लिहा. मी माझं लिहितो. पुढच्या आठवड्यात टोकांखालच्या पाचरींवर सविस्तर लेख येतोय. त्यात पुण्याचा काहीही संबंध नाही, आधीच सांगून ठेवतो.