मांजराला फिरायला न्यायचं का? आठ रस्ता चौकातला वाद

"मांजरीले पट्टा लावते का कोणी? कुत्रं आहे का ते?" राजाभाऊंनी तर्रीपोह्याची प्लेट खाली ठेवली आणि नागपूरच्या आठ रस्ता चौकातल्या आमच्या कट्ट्यावर वादाला तोंड फुटलं.

विषय बंटीने काढला होता. त्याचा शेरू दीड वर्षाचा बोका, नसबंदी झालेला, तिसऱ्या माळ्यावरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर खिडकीच्या जाळीला नाक लावून बसतो. डोंगर चढणारी, पाठीवरच्या बॅगेतून डोकं काढून बसलेली मांजरं बंटीने मोबाईलवर पाहिली आणि ठरवून टाकलं, रविवारी शेरूला फुटाळा तलावावर न्यायचं.

"हार्नेस घातला का त्याला आधी कधी?" वैशालीताईंनी विचारलं. हार्नेस म्हणजे गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा, त्याला दोरी लावतात. ताईंकडे दोन मांजरी आहेत. त्यातली एक रोज सकाळी दोरीवर अंगणात फिरते.

"ऑर्डर केला ना ताई. शुक्रवारी येऊन राहिला."

"मग या रविवारी नाही. पुढच्याही नाही."

राजाभाऊंचं म्हणणं वेगळंच. हार्नेसही नको आणि कौतुकही नको, मांजर मोकळं सोडायचं. महाल भागातल्या त्यांच्या वाड्यात मांजरं कौलांवरून यायची, दूध प्यायची, निघून जायची. "कोणी दोरी बांधली होती का त्याहिले?" अतुल लगेच म्हणाला, "आणि किती परत यायची, राजाभाऊ?" राजाभाऊ थोडं थांबले, मग म्हणाले, "नाही यायची काही काही. ते तर होतेच." माझ्या मते राजाभाऊंचा मुद्दा इथेच संपतो. तेव्हा न परतलेल्या मांजरांचा हिशोब कोणी ठेवला नाही, एवढंच. आज खाली उतरलं की रस्ता, गाड्या आणि प्रत्येक चौकात कुत्र्यांची टोळी. शिवाय मोकळं मांजर पाखरं मारतं, पोट भरलेलं असलं तरी. सेमिनरी हिल्सच्या झाडीच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर हे ध्यानात ठेवायलाच पाहिजे. दोरीमुळे मांजर वाचतं आणि पाखरूही.

अतुल दुसऱ्या टोकाला. मांजर घरात सुखी आहे, कशाला छळता त्याला? हे मात्र मी उडवून लावणार नाही. पाहुणे आले की पलंगाखाली शिरणारं, म्हातारं किंवा बिचकं मांजर घरातच बरं. त्याला खिडकीशी फळी, चढायला उंच जागा आणि रोज थोडा खेळ मिळाला की पुरे. पण दार उघडलं की शेपूट उभी करून बाहेर धावणाऱ्या शेरूसारख्याला जन्मभर जाळीमागे ठेवणं मला पटत नाही.

मग वैशालीताईंनी जे सांगितलं ते सगळ्यांनी ऐकलं, राजाभाऊंनीसुद्धा. हार्नेस आला की लगेच अंगावर चढवायचा नाही. दोन-तीन दिवस तो जेवणाच्या वाटीशेजारी नुसता पडू द्यायचा, वास घेऊ द्यायचा. वेलक्रोचा असेल तर तो 'चर्र' आवाज लांबून ऐकवायचा आणि प्रत्येक वेळी आवडीचा खाऊ द्यायचा. पहिल्यांदा घातला की मांजर हमखास एका कुशीवर आडवं होतं, नाहीतर पोट जमिनीला टेकवून सरपटतं. "मेलं की काय असं वाटते," ताई म्हणाल्या, "पण त्याले काही झालेलं नसते. उचलायचं नाही. समोर खाऊ ठेवायचा, दोन मिनिटांनी काढायचा." अशी वेळ हळूहळू वाढवायची. मग दोरी लावून घरातच फिरवायचं, नजर ठेवून. मग बाल्कनी, मग जिना. यात आठवडे जातात, आणि घाई करणाऱ्याचं मांजर पुन्हा हार्नेसला हात लावू देत नाही.

माप महत्त्वाचं. पट्टा आणि अंग यांच्यात एक-दोन बोटं जातील इतकाच ढिला. घाबरलेलं मांजर पुढे ओढत नाही, उलटं मागे सरकतं आणि सैल हार्नेसमधून मोजा काढावा तसं निसटतं. गळपट्ट्याला दोरी कधीच बांधायची नाही, गळा आवळतो. आणि दाराबाहेर चालत न्यायचं नाही. बॅगेत बसवून न्यायचं, खाली गेल्यावर उघडायचं. नाहीतर उघडं दार म्हणजे पळायची परवानगी असं ते शिकतं.

"आणि सुया?" ताईंनी विचारलं. बंटीला रेबीजचीच माहीत होती. मांजरांची तिहेरी लसही लागते. ती ज्या रोगांवर असते त्यातला एक पॅनल्यूकोपेनिया, मांजरांचा जीवघेणा रोग. त्याचा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने, वर्षभरसुद्धा टिकतो आणि चपलांवरून घरात येतो. 2023 मध्ये बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा प्राणिउद्यानात बिबट्याचे सात बछडे याच रोगाने गेले. गोचीड-पिसवांचं औषधही डॉक्टरांकडूनच आणायचं. कुत्र्यांच्या अंगावर टाकायच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजराच्या जिवावर बेततं. घरात कुत्रा-मांजर दोन्ही असणाऱ्यांनी हे वाक्य फ्रिजवर चिकटवावं.

फुटाळ्यावर बंटी अडूनच बसला होता. रविवारची गर्दी, गाड्या, भटकी कुत्री. मांजराला त्यात काय मिळणार? ताईंची मांजर सकाळी सहाला उतरते आणि एका स्कूटरच्या चाकाशी बसते. चाक हुंगते, कान मागे वळवते, पुन्हा तेच चाक हुंगते. दहा मिनिटं. रात्री कोण येऊन गेलं ते सगळं त्या रबरावर लिहिलेलं असावं असं तिचं ध्यान लागलेलं असतं. ती ओढेल तिकडे ताई जातात, ताई ओढतील तिकडे ती नाही. कान चपटे झाले, शेपूट फुगली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या की बॅगेचं तोंड उघडतात आणि ती स्वतः आत शिरते. मला वाटतं बंटीने बघायला पाहिजे ते हे. डोंगरावरचा फोटो नंतर.

उन्हाळ्यावर मात्र कोणाचंच दुमत नव्हतं. मार्चपासून जूनपर्यंत नागपुरात मांजर बाहेर काढायचंच नाही. त्याला घाम फक्त तळव्यांना येतो. तोंड उघडून धापा टाकायला लागलं की ते दमलेलं नाही, संकटात आहे, डॉक्टर गाठायचा. डांबरावर आपला तळहात पाच-सात सेकंद टिकत नसेल तर त्याचे पंजेही टिकणार नाहीत. त्या पारदर्शक प्लास्टिकच्या घुमटाच्या बॅगा तर उन्हात भट्टी होतात, बंटीने नेमकी तीच बघून ठेवली होती. आणि संक्रांतीच्या आगेमागे झाडाखाली नेताना आधी फांद्या बघायच्या. नायलॉन मांजावर बंदी असली तरी तो लटकलेला असतोच.

"मग फुटाळा कधी?" बंटीने विचारलं.

"तुमच्या पार्किंगमध्ये शेरू शेपूट वर करून फिरला, की बोलू," ताई म्हणाल्या. "तोही कामाच्या दिवशी, उजाडता उजाडता."

राजाभाऊ अजूनही मान हलवत होते. पण हार्नेस कोणत्या मापाचा मागवला, हे त्यांनीच विचारलं. बंटीने अंदाजाने मीडियम मागवला होता. ताईंनी सांगितलं, पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोज, टेपनेच, आणि माप जुळत नसेल तर आजच बदलून घे. बंटीने तिथूनच आईला फोन लावला, शिलाईचा टेप काढून ठेव म्हणून.