फू फायटर्सना चौथं स्थान?

इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवात २०२३ मध्ये वाजवलेल्या रॉक बँडची एक क्रमवारी पाहिली. तिच्यात गन्स अँड रोझेस पहिले आणि फू फायटर्स चौथे, हे मला अजिबात पटलं नाही. त्या जूनमध्ये मी पिरॅमिड स्टेज या मुख्य मंचासमोरच्या गर्दीत होतो. कार्यक्रमपत्रिकेवर 'द चर्नअप्स' असं भलतंच नाव होतं, आणि मंचावर आले फू फायटर्सचा गायक डेव्ह ग्रोल आणि मंडळी! मार्च २०२२ मध्ये ड्रमर टेलर हॉकिन्स गेला, त्याच्या जागी तेव्हा जॉश फ्रीझ होता. हाताशी जेमतेम तासभर, म्हणून एकही गाणं वाया घालवलं नाही. दुःख पचवून इतक्या ताकदीनं वाजवणारा बँड माझ्या यादीत पहिलाच राहणार.

दुसरे क्वीन्स ऑफ द स्टोन एज. रविवारी रात्री अदर स्टेज या दुसऱ्या मंचावर ते वाजवत होते तेव्हा पिरॅमिडवर एल्टन जॉन यांचा निरोपाचा कार्यक्रम चालू होता, त्यामुळे बहुतेकांचे ते हुकले. निदान रेकॉर्डिंग तरी ऐकाच.

गन्स अँड रोझेस तिसरे. स्लॅशची गिटार अप्रतिमच, पण दोन तासांहून लांबलेल्या कार्यक्रमात मधला भाग सैल पडला. शेवटच्या गाण्याला पुन्हा ग्रोलच आला आणि मैदान पेटलं!

आर्क्टिक मंकीज चौथे.