शुभा खोटे म्हणजे फक्त ‘मेहमूदची जोडीदार’? नाही हो, जरा थांबा

गेल्या पंधरा दिवसांत एकच फॉरवर्ड मला तीन ग्रुपवर आलाय, एकदा तर सोसायटीच्या ग्रुपवर पाणीकपातीच्या मेसेजच्या बरोब्बर खाली. वर हिंदी-मराठी सिनेमातल्या नटी शुभा खोट्यांचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो, आणि नाव लिहिलंय ‘शोभा’, म्हणजे सुरुवातच चुकीची. खाली जे काही लिहिलंय त्याचा अर्थ एवढाच, की घराणं मोठं म्हणून सिनेमात आल्या, हिरॉइन व्हायला जमलं नाही म्हणून कॉमेडीत गेल्या, विनोदी नट मेहमूदच्या जिवावर पाच-सात वर्षं चालल्या, त्याने दुसऱ्या नट्या घेतल्या तसं यांचं करिअर संपलं, पुढे काय तर आईचे चिल्लर रोल. आणि जाता जाता हेही, की त्या काळी बायकांची कॉमेडी म्हणजे जाड बाईला पाडायचं आणि हसायचं, दुसरं काय होतं.

आणि याच्याखाली लोक हात जोडून ‘छान माहिती’ म्हणतायत. मला खरंच वाईट वाटलं. आमच्या आजीला शुभा खोटे प्रचंड आवडायच्या, पडद्यावर दिसल्या की ती भाजी निवडायची थांबायची, त्यामुळे हे सगळे सिनेमे मी लहानपणापासून आजीच्या शेजारी बसून बघितलेत. तर एकेक मुद्दा घेते, कारण यातलं बहुतेक काही खरं नाहीये आणि जे अर्धं खरं आहे ते जास्त घातक आहे.

घराण्याचं आधी. घराणं होतं, मान्य. वडील नंदू खोटे रंगभूमीवरचे नामवंत नट, मूकपटांतही कामं केलेली, आणि दुर्गा खोटे या सख्ख्या काकू. पण दुर्गाबाईंनी काय कामं केली ती आठवा ना, १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’तली तारामती, ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई, म्हणजे राण्या, राजमाता, खानदानी आया. पुतणीने जो रस्ता धरला तो काकूच्या रस्त्याच्या अगदी उलट दिशेला जातो, तिथे काकूचं नाव काय कामाला येणार? ओळखीने एक रोल मिळतो, फार तर दोन मिळतील. त्यांचा पहिला सिनेमा ‘सीमा’ आला १९५५ मध्ये आणि ‘डबल एक्सएल’ २०२२ मध्ये, सदुसष्ट वर्षं कोणी कोणाला ओळखीवर काम देत नाही, सिनेमावाले तर नाहीच नाही. आणि एक गोष्ट कोणी सांगतच नाही, ही मुलगी विल्सन कॉलेजची, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला सायकलिंग आणि पोहण्यात चॅम्पियन होती. चॅम्पियन! नऊवारी-पाचवारीच्या त्या काळात मुंबईच्या रस्त्यावर सायकलची रेस मारणारी मुलगी. मला स्वतःला वाटतं की तिच्या कॉमेडीचं मूळ इथे आहे. पळताना, दचकताना, कोणाच्या तरी मागे लपताना तिचं शरीर कसं हुकमी वळतं ते बघा, ते खेळाडूचं शरीर आहे, त्याला कुठे थांबायचं ते माहीत आहे.

आता ‘हिरॉइन व्हायला जमलं नाही’. हे लिहिणाऱ्याने बहुतेक काहीच बघितलेलं नाही. ‘देख कबीरा रोया’, १९५७, तीन नायक तीन नायिका, त्या तीन नायिकांतली एक शुभा खोटे. ‘दीदी’, १९५९, समोर कोण तर सुनील दत्त. ‘तुम मुझे भूल भी जाओ’ हे गाणं ऐकलंय ना सगळ्यांनी, मुकेश आणि सुधा मल्होत्राचं, ज्याची चालही सुधा मल्होत्रांनीच बांधली, ते गाणं पडद्यावर सुनील दत्त आणि शुभा खोट्यांवर आहे. हे गाणं लोक आजही स्टेटसला ठेवतात आणि त्यातली बाई कोण हे विचारलं की गप्प.

आणि यांच्या मधोमध, त्याच १९५७ सालात, ‘पेइंग गेस्ट’. तिथे नूतन नायिका आणि शुभाताई तिची मैत्रीण चंचल, पैशासाठी वयस्कर श्रीमंत माणसाशी लग्न करणारी आणि मग देव आनंदवर डोळा ठेवणारी. अजिबात प्रेमळ नाही, विनोदी नाही, वाईट वागणारी बाई. म्हणजे बघा, पदार्पणापासून चार-पाच वर्षांत ‘सीमा’मधली पुतली, एक खलनायिकेच्या जवळ जाणारी चंचल, दोन ठिकाणी नायिका, ‘अनाडी’मध्ये परत नूतनसोबत वेगळंच काम. याला ‘जमलं नाही’ म्हणतात? एवढ्या रेंजचं काम त्या वयात किती जणींनी केलंय सांगा. कॉमेडी ही तिच्यावर आलेली वेळ नव्हती, ती पाच दारं उघडी असताना त्यातल्या ज्या दारात तिच्यासारखं दुसरं कोणी नव्हतं त्या दारात उभी राहिली, असं मी म्हणेन, आणि हे माझं मत आहे, पण सिनेमांच्या तारखा माझ्या बाजूने आहेत.

तारखांवरूनच तिसऱ्या मुद्द्यावर येते, आणि हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागलाय. मेहमूदच्या ओंजळीने पाणी प्यायली म्हणे. अहो, ही जोडी लोकांच्या डोळ्यात भरली ती ‘छोटी बहन’पासून, १९५९. तेव्हा मेहमूद कोण होता? ‘सीआयडी’मध्ये छोटा रोल, ‘प्यासा’मध्ये भावाचा छोटा रोल. स्टार नव्हता तो, होऊ घातलेला होता. आणि शुभाताईंच्या नावावर तोवर वर सांगितलेले सगळे सिनेमे. मग कोण कोणाच्या जिवावर? माझं म्हणणं असं अजिबात नाही की मेहमूद तिच्या जिवावर मोठा झाला, तो अफाट नट होता, त्याबद्दल वादच नाही, ‘दिल तेरा दीवाना’ला त्याला सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं ते योग्यच. पण त्या सिनेमातही समोर शुभाताईच होत्या हे कोण सांगणार?

हे सिनेमे कसे बांधलेले असायचे ते जरा समजून घ्या, मग कळेल तिचं काम काय होतं. ‘छोटी बहन’, ‘ससुराल’, ‘हमराही’, ‘बेटी बेटे’ हे एल. व्ही. प्रसाद यांच्या प्रसाद प्रॉडक्शन्सचे, म्हणजे मद्रासच्या हिंदी सिनेमांचा तो जमाना. त्यात मुख्य गोष्ट रडारडीची, त्याग, सासर, आंधळी बहीण वगैरे, आणि तिला समांतर दुसरी एक विनोदी लव्हस्टोरी चालायची. त्या ट्रॅकमध्ये तीन माणसं. बाप म्हणजे धुमाळ (अनंत बळवंत धुमाळ, आपलाच मराठी नट, त्यांच्याबद्दलही लोक किती कमी बोलतात), प्रियकर म्हणजे मेहमूद, आणि मुलगी म्हणजे शुभा खोटे. बाप नाही म्हणणार, प्रियकर सोंगं काढणार, ‘लव्ह इन टोकियो’मध्ये तर तो गेशा बनून येतो. पण सोंग चालतं कोणामुळे? मधल्या मुलीमुळे. तिला बापाकडे बघताना साळसूद दिसायचंय आणि त्याच क्षणी प्रियकराला खुणावायचंय की पळ आता, म्हणजे एका चेहऱ्यावर दोन भाव आणि दोन्ही खरे वाटले पाहिजेत. तिची धांदल खोटी वाटली की मेहमूदचं सोंग नुसतं सोंग राहतं, हसू येत नाही. नाटकवाले याला फीड देणं म्हणतात. समोरच्याच्या पंचसाठी जागा करून द्यायची, अर्धा सेकंद आधी नाही, अर्धा सेकंद नंतर नाही, आणि हशा आला की श्रेय त्याला जातं. हे काम ज्याने केलंय त्यालाच कळतं किती अवघड आहे ते.

एक करून बघा. ‘हमराही’मधलं ‘वो दिन याद करो’ मोबाईलवर लावा, रफी आणि लताचं, मेहमूद आणि शुभा खोट्यांवर चित्रित झालेलं. एकदा नेहमीसारखं बघा, नजर आपोआप मेहमूदकडे जाते, जाणारच. मग दुसऱ्यांदा लावा आणि मेहमूदवर अंगठा ठेवून त्याला झाकून टाका, तो जिकडे जाईल तिकडे अंगठा न्या. आता फक्त तिच्याकडे बघा, विशेषतः जेव्हा ओळ त्याची असते आणि ती नुसती ऐकत असते. मी हे केलं तेव्हा गाणं संपेपर्यंत अंगठा उचलायचं विसरले. ऐकणं हाच अभिनय आहे हे शिबिरांमध्ये शिकवतात, ही बाई १९६३ मध्ये ते कॉमेडी ट्रॅकमधल्या गाण्यात करत होती.

आणि पुरावा हवाच असेल तर घ्या. १९६१ च्या सिनेमांसाठी जी फिल्मफेअर नामांकनं झाली त्यात सहायक अभिनेत्रीच्या गटात शुभा खोटे हे नाव दोनदा आहे, एक ‘ससुराल’ आणि एक ‘घराना’. ‘घराना’ जेमिनी स्टुडिओचा, एस. एस. वासन यांचा, आणि त्यात मेहमूद नाहीच! तिथे कॉमेडीला आगा आहेत. म्हणजे मेहमूद समोर असताना एक आणि नसताना एक. बक्षीस निरुपा रॉय यांना गेलं ‘छाया’साठी. कॉमेडीचं वेगळं फिल्मफेअर तेव्हा नव्हतंच, ते १९६७ मध्ये सुरू झालं, त्यामुळे हसवणाऱ्या बाईला थेट रडवणाऱ्या बायकांशी स्पर्धा करावी लागायची आणि तिथवर ती एकाच वर्षी दोन सिनेमे घेऊन पोचली. फॉरवर्डमध्ये याचं एक अक्षर नाही.

‘जोडी तुटली आणि करिअर संपलं’ याचं उत्तर देताना मला खरं तर काय निवडू आणि काय सोडू होतंय. १९६८ मध्ये ‘चिमुकला पाहुणा’ हा मराठी सिनेमा त्यांनी काढला, निर्मितीही स्वतः आणि दिग्दर्शनही स्वतः. तेव्हा मराठीत सिनेमा दिग्दर्शित करणाऱ्या बायका अशा किती होत्या? ज्या बाईचं करिअर संपलं म्हणताय ती कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभी होती. ‘गोलमाल’ तर प्रत्येकाने दहा-दहा वेळा बघितलाय, उत्पल दत्तच्या भवानीशंकरची बहीण कालिंदी आठवते ना? त्याच त्या. १९७९. आजीला ‘गोलमाल’मधल्या बाकी कोणाचंही काही नव्हतं, ती म्हणायची उत्पल दत्तसमोर टिकायचं म्हणजे खायचं काम नाही.

मग १९८१, ‘एक दूजे के लिए’. यात त्या सपनाची आई. सपनाच्या प्रियकराचा, वासूचा, फोटो ही आई जाळते आणि मुलगी ती राख चहात घालून पिऊन टाकते, हा सीन ज्याने बघितलाय तो विसरलेला नाही. पण बहुतेकांना मुलगीच आठवते. आईकडे बघा एकदा. वीस वर्षं ज्या चेहऱ्याने लोकांना हसवलं तो चेहरा तिथे इतका कडक होतो की आपल्याला तिची भीती वाटते, आणि राग येतो, आणि कुठेही असं वाटत नाही की अरे ही तर ती मेहमूदवाली. हसवणाऱ्या नटाला लोक गंभीर होऊ देत नाहीत, थिएटरमध्ये आधीच खसखस पिकते, आणि तिने एकालाही हसू दिलं नाही. याला चिल्लर रोल म्हणणाऱ्याने तो सिनेमा परत बघावा एवढंच मी म्हणते.

टीव्हीचं तर फॉरवर्डवाल्याच्या गावीही नाही. १९९३ मध्ये ‘ज़बान संभालके’ लागायची, पंकज कपूर हिंदीचे मास्तर, आणि त्या भाषा शिकवणाऱ्या इन्स्टिट्यूटच्या प्रमुख मिस दीक्षित म्हणजे शुभाताई. वर्गात गोंधळ पूर्ण रंगात आला की त्यांची एंट्री व्हायची, आणि नुसतं दारात उभं राहण्यात काय वजन होतं! आमच्या घरी सगळे सरळ बसायचे. त्याच मालिकेत विठ्ठल बापूराव पोटे म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ विजू खोटे, ‘शोले’चे कालिया, आणि मुलगी भावना बलसावरसुद्धा. एकाच मालिकेत घरातले तिघे, आणि तिघांचंही टायमिंग पूर्ण वेगळं, कोणी कोणाची कॉपी नाही. विजू खोटे २०१९ मध्ये गेले तेव्हा मला पहिल्यांदा त्या वर्गाचीच आठवण झाली.

जाड बाईच्या मुद्द्याला मी फार वेळ देणार नाही. शुभा खोटे सडपातळ, सायकलपटू, त्यांना बघून कोण कशावर हसणार होतं? आणि हा टोमणा ज्या विनोदी नटी टुणटुणला मारलाय त्यांनी, म्हणजे उमादेवींनी, १९४७ मध्ये ‘दर्द’साठी ‘अफसाना लिख रही हूँ’ गायलंय, ते ऐका आधी. अंगावर हसायला लावणं हा सिनेमा लिहिणाऱ्यांचा आळशीपणा होता, त्या बायकांचा नाही.

आणि आत्ताआत्ताचं. २०१८ मध्ये माधुरी दीक्षितचा पहिला मराठी सिनेमा ‘बकेट लिस्ट’, त्यात शुभाताई आहेत. मग २०२२ मध्ये ‘डबल एक्सएल’, हुमा कुरेशीची आजी, तेव्हा त्या पंच्याऐंशीच्या. आम्ही तो घरी बघत होतो. माझी सोळा वर्षांची भाची मोबाईलवरून मान वर करून म्हणाली, आत्या, ही आजी कोण गं, भारी आहे. तिला ना मेहमूद माहीत, ना दुर्गा खोटे. मी तिला लगेच ‘वो दिन याद करो’ लावून दिलं, आणि अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवलं.