ड्राफ्टचे अंदाज आणि आपल्याकडचे न लिहिलेले सामने

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलची सर्वोच्च लीग, मेजर लीग सॉकर, दरवर्षी हिवाळ्यात विद्यापीठांच्या संघांतून खेळणाऱ्या मुलांची निवड करते. या निवडीला सुपरड्राफ्ट म्हणतात आणि या नावाने ती २००० सालापासून होत आहे. आदल्या हंगामात मागे पडलेल्या संघाला आधी निवडता येते, लीगमध्ये नवा संघ येणार असेल तर पहिली संधी त्याची असते, आणि ज्याची निवड होते त्या मुलाला मात्र आपण कोणत्या शहरात खेळायचे हे ठरवता येत नाही. निवडीच्या आधीचे काही आठवडे इथले पत्रकार आणि हौशी जाणकार आपापले अंदाज मांडतात, ज्यांना मॉक ड्राफ्ट म्हणतात: पहिला कोण जाईल, कोणता संघ बचावपटू शोधतो आहे, कोणाचे नाव शेवटपर्यंत पुकारले जाणार नाही. नॉर्थ कॅरोलायनात राहायला आल्यापासून मी हे अंदाज आवडीने वाचते आणि मित्रमंडळींत स्वतःही मांडते. भारतीय फुटबॉलविषयी आपल्याकडे जो वाद चालतो त्यात या अंदाजांमधून घेण्यासारखे काही आहे, असे माझे मत झाले आहे. मात्र अमेरिकेचा दाखला देणारे सहसा ज्या गोष्टीकडे बोट दाखवतात, ती ही नव्हे.

तो वाद थोडक्यात असा. २०२५ च्या जुलैमध्ये इंडियन सुपर लीगच्या आयोजकांनी पुढचा हंगाम स्थगित ठेवला, कारण अखिल भारतीय फुटबॉल महासंघाबरोबरचा त्यांचा करार संपत आला होता आणि नव्या कराराचा पत्ता नव्हता. काही क्लबांनी पगार थांबवले, आणि व्यावसायिक लीगच्या भरवशावर मुलांनी शिक्षणाकडे पाठ फिरवावी का, हा जुना प्रश्न पुन्हा वर आला. त्यावर एका बाजूचे उत्तर ठरलेले असते: अमेरिकेत मुले पदवी घेता घेता खेळतात आणि तिथूनच व्यावसायिक संघांत जातात, मग आपणही विद्यापीठांतूनच खेळाडू निवडावेत. दुसरी बाजू म्हणते की आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांतला खेळ म्हणजे दहावी-बारावीला कमाल २५ सवलतीचे गुण आणि पुढे शासकीय नोकरीतले पाच टक्के आरक्षण मिळवण्याची वाट आहे. फुटबॉलपटू लहान वयात अकादमीतच घडतो. दोन्ही बाजूंचे म्हणणे मला अर्धे पटते, परंतु त्या ज्या अमेरिकेविषयी बोलतात ती इथे राहणाऱ्याला बरीच वेगळी दिसते.

अंदाज बांधणाऱ्याला कशाकशाचा विचार करावा लागतो, हे पाहिले की ते वेगळेपण लक्षात येते. सर्वोत्तम खेळाडू आधी जाईल, हा अंदाज सर्वांत कच्चा. आधी पाहावे लागते ते कोण उपलब्ध आहे. २००८ मध्ये आलेल्या नियमामुळे क्लब आपल्या अकादमीत वाढलेल्या मुलाला थेट करारबद्ध करू शकतात. तो मुलगा मधली वर्षे विद्यापीठात खेळत असला तरी त्याच्यावरचा हक्क क्लबकडेच राहतो आणि तो ड्राफ्टच्या यादीत येतच नाही. त्यामुळे विद्यापीठीय फुटबॉलमधले कित्येक उत्तम खेळाडू या अंदाजांच्या बाहेरच असतात. पदवी पूर्ण व्हायच्या आत बाहेर पडणाऱ्या मोजक्या मुलांशी लीग स्वतः आधी करार करते. त्यांचा पगार संघाच्या खर्चमर्यादेत धरला जात नाही, म्हणून ती नावे जाहीर झाली की वरच्या जागांचे चित्र बऱ्याच अंशी स्पष्ट होते. मग संघांनी एकमेकांना विकलेल्या निवडीच्या संधी, कोणत्या संघाचा उजवा बचावपटू तिशी ओलांडून गेला आहे, कोणता प्रशिक्षक कोणत्या विद्यापीठातून आला आहे, हे सारे येते. शेवटच्या फेरीत तर काही संघ कोणालाच न निवडता आपली पाळी सोडून देतात.

त्याहून अवघड काम म्हणजे विद्यापीठाच्या सामन्यात दिसलेला खेळ व्यावसायिक मैदानावर टिकेल का, हे ओळखणे. इथला विद्यापीठीय हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत कोंबलेला असतो, बहुतेक आठवड्यांत दोन सामने. घड्याळ पंचेचाळीस मिनिटांवरून उलटे शून्याकडे जाते, आणि बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो. त्यामुळे ताज्या दमाच्या मुलांची धावपळ सामनाभर चालते, आणि ऐंशीव्या मिनिटाला पाय जड झाल्यावर एखादा मध्यरक्षक काय निर्णय घेतो, हे पाहायला मिळतेच असे नाही. माझ्या घरापासून जवळ असलेल्या कॅरी गावातील मैदानावर मी सामने पाहते तेव्हा चेंडूकडे पाहण्याचा मोह आवरून एकाच खेळाडूवर नजर ठेवते. एका संध्याकाळी असाच एक मध्यरक्षक पाहत होते. चेंडू त्याच्याकडे येण्याआधी तो दोनदा मान वळवून खांद्यामागे बघे, त्यामुळे पहिल्याच स्पर्शात त्याचे अंग पुढच्या पासच्या दिशेने वळलेले असे. त्याने गोल केला नाही, गोलाला साहाय्यही केले नाही, आणि तिसऱ्या फेरीपर्यंत कोणी घेणार नाही अशा मुलांत मी त्याचे नाव धरले होते, ते त्या दिवसापासून वर सरकवले.

याच मैदानावर २०२४ च्या डिसेंबरमध्ये विद्यापीठांची राष्ट्रीय अंतिम लढत झाली. मानांकनाच्या यादीत नसलेल्या व्हरमाँटने मार्शलला जादा वेळेत २-१ असे हरवले आणि चारच दिवसांनी ड्राफ्ट होता. ज्या संघाकडे हंगामभर फारसे कोणी पाहिले नव्हते त्याच्या मुलांविषयी चार दिवसांत मत बनवायचे होते. अंदाज मांडणाऱ्यांसाठी याहून कठीण परीक्षा नसेल.

आणखी एक गोष्ट अंदाजात येते आणि इथे राहणाऱ्या भारतीयाला ती आतून कळते. अमेरिकी विद्यापीठांच्या संघांत परदेशी विद्यार्थी मोठ्या संख्येने खेळतात, पण व्यावसायिक संघाला परदेशी खेळाडूंसाठी मुळात आठच जागा असतात, ज्या संघ एकमेकांत विकतात आणि बदलतात. ती जागा युरोप किंवा दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या मुरलेल्या खेळाडूसाठी राखावी की एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्या बावीस वर्षांच्या मुलावर खर्च करावी, हा हिशेब प्रत्येक संघ करतो. म्हणून प्रत्येक जाणकाराच्या टिपणात खेळाडूच्या नावापुढे त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे की नाही हे लिहिलेले असते, आणि तेवढ्यावरून एखादा मुलगा एक अख्खी फेरी खाली घसरतो. आपल्यातील बहुतेक जण ज्या रांगेतून गेले किंवा अजून जात आहेत, तीच ही रांग आहे, आणि ‘अमेरिकेत फक्त गुणवत्ता पाहतात’ असे जे घरी सांगितले जाते ते इथे खरे ठरत नाही.

इतके सारे पाहूनही अंदाज चुकतात, आणि संघांचे स्वतःचे निर्णयही चुकतात. २००४ च्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक चौदा वर्षांच्या फ्रेडी अडूचा होता. फर्मन विद्यापीठाचा क्लिंट डेम्प्सी आठवा गेला आणि पुढे अमेरिकेसाठी ५७ आंतरराष्ट्रीय गोल करून गेला. ख्रिस वंडोलाउस्की चिको स्टेट या दुसऱ्या श्रेणीतल्या संघातून आला. २००५ मध्ये मुख्य ड्राफ्टमध्ये त्याला कोणी विचारले नाही, पूरक ड्राफ्टमध्ये एक्केचाळिसावा घेतला, आणि १७१ गोलांसह तो लीगच्या इतिहासातला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू म्हणून निवृत्त झाला. फेअरफिल्ड विद्यापीठाचा गोलरक्षक मॅट टर्नर २०१६ मध्ये निवडलाच गेला नाही. २०२२ मध्ये तो आर्सेनल या इंग्लिश क्लबकडे गेला आणि त्याच वर्षीच्या विश्वचषकात अमेरिकेच्या चारही सामन्यांत गोलपोस्टसमोर उभा होता. दुसरीकडे २०१४ मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेला आंद्रे ब्लेक तीनदा लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरला, आणि २०१५ चा पहिला खेळाडू साइल लॅरिन याने पदार्पणातच १७ गोल केले. आपल्याकडेही हे अनोळखी नाही. २००८ च्या आयपीएलसाठी एकोणीस वर्षांखालील विश्वविजेत्यांची निवड झाली तेव्हा फलंदाजांनी भरलेल्या दिल्लीने आपल्याच शहरातल्या विराट कोहलीला सोडून प्रदीप सांगवान या गोलंदाजाला घेतले. संघाची त्या क्षणाची गरज पाहिली तर तो निर्णय वेडगळ म्हणता येणार नाही.

तरीही या अंदाजांना मी महत्त्व देते, कारण चुकीचा का होईना, अंदाज बांधता येण्याइतकी माहिती इथे सर्वांसमोर असते. इथल्या पहिल्या श्रेणीच्या प्रत्येक विद्यापीठीय सामन्यात मैदानाच्या कडेला एका टेबलावर नोंदी करणारे लोक बसतात, बहुधा विद्यार्थीच. कोण कितव्या मिनिटाला आत आला, कोणाचा फटका गोलच्या दिशेने होता, कोणी अडवला, कॉर्नर किती, पिवळे कार्ड कोणाला, हे ते लिहितात आणि सामना संपता संपता ते सारे जगासमोर येते. कोणा मोठ्या क्लबचा माणूस पाहायला आला नसेल, प्रेक्षक पन्नास असतील, पण ती नोंद होते. वंडोलाउस्कीला किंवा टर्नरला कमी लेखणाऱ्यांना आज आपण चूक म्हणू शकतो, ते त्यांच्या त्या वर्षांचा लेखी हिशेब शिल्लक आहे म्हणून.

मी कोल्हापूरची आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींच्या, म्हणजे तिथल्या फुटबॉल संघांच्या, नावांवर घरात दोन तट पडताना पाहत मोठी झाले, आणि शाहू स्टेडियमवरच्या केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगइतका जीव लावणारा प्रेक्षक मला इथे क्वचित भेटला. याच गावाचा अनिकेत जाधव बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे जाऊन २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याला वेळेवर पाहणारे कोणीतरी भेटले. पण माझा एक मामेभाऊ एका विद्यापीठाच्या संघाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळला, आणि त्याचा पुरावा म्हणून आज घरात एक प्रमाणपत्र आहे, ज्यावर ‘सहभाग’ एवढेच लिहिले आहे. तो किती मिनिटे खेळला, कोणत्या जागी खेळला, समोर कोण होते, हे कोणालाच सांगता येणार नाही. त्या प्रमाणपत्राची किंमत नोकरीच्या अर्जात ठरली; मैदानावर ठरवण्यासाठी त्यात काहीच नव्हते. सवलतीच्या गुणांवरून आपण जो वाद घालतो तोही मला याच कारणाने अपुरा वाटतो. गुण द्यावेत की नाही यावर तावातावाने बोलणाऱ्या दोन्ही बाजूंना, कोण किती खेळला हे ठाऊकच नसते.

ड्राफ्टची पद्धत आपण उचलावी, असे मात्र मला वाटत नाही. ज्या देशाने ती रुजवली तिथेच तिचे वजन घटते आहे. क्लब अकादमीतून मुले घेतात, २०२२ पासून त्यांच्या दुय्यम संघांची वेगळी लीगही चालते, आणि बाविसाव्या वर्षी व्यावसायिक मैदानावर पहिले पाऊल ठेवणारा खेळाडू जगाच्या मानाने उशिरा आलेला असतो. महिलांच्या राष्ट्रीय लीगने तर २०२४ च्या ऑगस्टमध्ये खेळाडूंच्या संघटनेबरोबर नवा करार करताना ड्राफ्टच बंद केला. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलीने कोणत्या शहरात, कोणत्या प्रशिक्षकाकडे, कोणत्या पगारावर खेळायचे हे तिचे तिने ठरवावे, हा विचार मला मनापासून योग्य वाटतो; कोणत्याही अभियंत्याला किंवा डॉक्टरला जो हक्क आपण गृहीत धरतो तो खेळाडूला नाकारण्याचे कारण मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही. इंडियन सुपर लीगनेही २०१४ आणि २०१७ मध्ये भारतीय खेळाडूंचे ड्राफ्ट घेतले होते. त्यांत निवडले गेले ते बहुतेक आधीपासूनचे व्यावसायिक खेळाडू, आणि विद्यापीठांचा त्यांच्याशी काही संबंध आला नाही.

नोंदी ठेवणे मात्र आपल्याला आजच्या आज जमण्यासारखे आहे, आणि त्यासाठी लीगच्या कराराची वाट पाहावी लागत नाही. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या पश्चिम विभागाच्या स्पर्धेत, त्याआधी प्रत्येक विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत, दोन्ही संघांची नावे, जागा, आत-बाहेर झाल्याच्या वेळा, गोल, फटके आणि अडवलेले चेंडू एवढे लिहून त्याच संध्याकाळी सर्वांसाठी खुले करायला एक टेबल, एक फोन आणि खेळ समजणारी दोन मुले पुरतात. संख्याशास्त्राच्या किंवा शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांना त्याचे श्रेयांक देता येतील. पहिल्या हंगामात वेळा चुकतील, नावे उलटसुलट होतील, एखादा गोल भलत्याच्याच नावावर पडेल. कोल्हापुरात तरी ते दुरुस्त करून द्यायला शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसणारी माणसे पुरेशी आहेत; मैदानावरच्या प्रत्येक मुलाची तालीम आणि गल्ली त्यांना पाठ असते.