फोटोतून उचललेला रंग आणि भिंतीचा रंग : एक खुलासा

ठाण्यातील काही सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या असा संदेश फिरत आहे की भिंतीचा फोटो काढून त्यावर कलर पिकर (फोटोतील रंग उचलून त्याचा कोड दाखवणारे साधन) टेकवला आणि मिळालेला सहा अक्षरी कोड रंगाच्या दुकानात किंवा छापखान्यात दिला, तर हुबेहूब तोच रंग मिळतो. त्यातील पहिला भाग माझ्याच जुन्या पोस्टमधला आहे, म्हणून हा खुलासा.

कलर पिकर भिंतीचा रंग मोजत नाही. तो फक्त फोटोतील त्या ठिपक्याचे लाल, हिरवा आणि निळा हे तीन आकडे, प्रत्येकी ० ते २५५ या मर्यादेत, वाचतो; सहा अक्षरी कोड म्हणजे हेच तीन आकडे थोडक्यात लिहिलेले. ऊन, सावली, ट्यूबलाइट आणि कॅमेऱ्याचे स्वयंचलित रंगसंतुलन यांमुळे हे आकडे बदलतात. आमच्या नौपाड्यातील जिन्याच्या एकाच भिंतीचे सकाळी आणि रात्री काढलेले फोटो तपासले, तेव्हा दोन वेगळे कोड मिळाले. व्हॉट्सॲपवरून पाठवताना फोटोची फाइल लहान केली जाते, त्यानेही शेजारचे ठिपके किंचित बदलतात; त्यामुळे फोटोशॉप किंवा गिंप या फोटो-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये एका ठिपक्याऐवजी आसपासच्या ठिपक्यांची सरासरी घेणारा पर्याय (फोटोशॉपमध्ये ‘५ बाय ५ ॲव्हरेज’, गिंपमध्ये ‘सॅम्पल ॲव्हरेज’) निवडणे बरे, मात्र त्याने प्रकाशाचा दोष जात नाही.

छपाई चार शाईंची असते आणि पडद्यावरचे काही झगझगीत हिरवे-निळे रंग त्या शाईंत उतरतच नाहीत. भिंतीसाठी कंपनीच्या शेडकार्डावरील क्रमांक द्यावा, छपाईसाठी नमुना प्रत मागावी.

जुना संदेश कृपया पुढे पाठवू नये. माझी पोस्ट मी काढून टाकली आहे.